‘एअरवुल्फ’ पुन्हा पाहताना: काय टिकलं, काय नाही?

रानवारा
‘एअरवुल्फ’ या १९८४च्या अमेरिकन टीव्ही मालिकेचा विषय निघाला की सगळे त्यातल्या हेलिकॉप्टरबद्दलच बोलतात. वरून गडद करडं, पोटाशी पांढरं, टर्बो (वेगासाठीची जादा इंजिनं) लावले की लांडग्यासारखं ओरडणारं. मी सध्या मालिका पहिल्या भागापासून सलग बघतोय आणि पहिला सीझन संपता संपता माझं एक मत पक्कं झालंय. ही मुळात ओलीस ठेवण्याची गोष्ट आहे.

कथा विसरलेल्यांसाठी थोडक्यात. डॉ. मॉफेट हे यंत्र बनवतो, चाचणीच्या दिवशीच ते पळवतो आणि लिबियाला नेतो. ‘द फर्म’ या गुप्तचर संस्थेचा आर्केंजल (पांढरा सूट, एका डोळ्यावर पट्टी, हातात काठी) ते परत आणायला स्ट्रिंगफेलो हॉकला पाठवतो. हॉक आणतोही, पण परत देत नाही. व्हॅली ऑफ द गॉड्समधल्या पोकळ डोंगरात लपवून ठेवतो आणि अट घालतो: व्हिएतनाममध्ये बेपत्ता झालेला माझा भाऊ सेंट जॉन जिवंत किंवा मेलेला शोधून द्या, मग हेलिकॉप्टर घेऊन जा. तोवर तुमच्या मोहिमा मी करीन.

म्हणजे नायक सरकारची मालमत्ता दाबून बसलाय आणि सरकारला ते माहीत आहे. पुढच्या प्रत्येक मोहिमेवर ह्या सौद्याची सावली आहे. लहानपणी मला फक्त क्षेपणास्त्रं दिसली होती. आता त्या माणसाचा हट्ट दिसतो, आणि मला तो फार खोलवर लागला.

तुम्ही अलीकडे पाहिली असेल तर सांगा. काय टिकलंय, काय नाही? आणि आजच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दाखवायची तर कुठून सुरुवात करावी?

चिंगी_८२
धून! बाकी काही टिको न टिको, धून टिकली आहे. वाचता वाचताच डोक्यात सुरू झाली.

टेकडीवरचा
आमच्या आळीत एकाचे वडील मस्कतला होते. ते सुट्टीवर येताना कॅसेटी आणायचे, त्यात ‘एअरवुल्फ’चे भाग होते. गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणला की आरतीनंतर आधी मोठ्यांचा सिनेमा, तो संपून मोठे पेंगायला लागले की आमचं हेलिकॉप्टर. इंग्रजी कोणालाच धड कळत नव्हतं, पण काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी उतारावर सायकल सोडली की मागे कॅरिअरवर बसलेला ओरडायचा, ‘टर्बो!’

रानवारा, भावाचा भाग मला तेव्हा अजिबात कळला नव्हता. हॉक सदा गप्प का असतो हे आम्हाला कोडंच होतं.

खटपट्या
थोडा विरोध नोंदवतो. हॉक गप्प असतो हाच प्रॉब्लेम आहे. ‘नाइट रायडर’ची गाडी बोलते, खोड्या काढते. दूरदर्शनवर ‘स्ट्रीट हॉक’ लागायची, त्यात मोटरसायकल सुटली की अंगावर काटा यायचा. इथे नायक सरोवराकाठच्या लाकडी घरात बसून गरुडासमोर चेलो वाजवतो, शेजारी त्याचा टेट नावाचा कुत्रा. भिंतीवर मौल्यवान चित्रं. मला आजही तो माणूस परका वाटतो. हॉकचा साथीदार डॉमिनिक सॅन्टिनी नसता तर मी दुसऱ्या भागातच टीव्ही बंद केला असता.

रानवारा
खटपट्या, सॅन्टिनीबद्दल शंभर टक्के सहमत. ते काम करणाऱ्या अर्नेस्ट बोर्गनाइनला १९५५च्या ‘मार्टी’साठी ऑस्कर मिळालेला आहे. एवढा मोठा नट मागच्या पॅनेलसमोर बसून पडद्यावरचे आकडे वाचतो, आणि ते आकडेही खरे वाटतात. हॉकला वडिलांच्या जागी तोच आहे. त्याचं बोलणं आणि हॉकचं न बोलणं, ही जोडी मला हेलिकॉप्टरइतकीच आवडते.

गोगलगाय
धूनवाल्यांनी थोडं थांबा, मला वेगाबद्दल बोलायचंय. माझं शिक्षण ह्याच विषयातलं आणि ही मालिका बघूनच मी त्याकडे वळलो, तेव्हा प्रेमानेच सांगतो.

मालिकेत एअरवुल्फ ध्वनीपेक्षा वेगाने उडतं. साध्या हेलिकॉप्टरला ते का जमत नाही? पात्यांची टोकं साधारण सेकंदाला २०० ते २२० मीटर वेगाने फिरतात. हेलिकॉप्टर जागच्या जागी तरंगत असेल तर सगळीकडे सारखंच. पण ते सेकंदाला ११० मीटरने, म्हणजे ताशी ४०० किलोमीटरच्या जवळपास पुढे निघालं, की पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला हवा ३२०ने लागते आणि मागे जाणाऱ्या पात्याला जेमतेम शंभरने. ध्वनीचा वेग ३४०. म्हणजे एका बाजूला पातं ध्वनीच्या वेगाला जाऊन भिडतंय, धक्क्याच्या लहरी आणि थरथर सुरू. दुसऱ्या बाजूला हवा इतकी मंद की उचल टिकवायला पात्याचा कोन वाढवत न्यावा लागतो, आणि एका मर्यादेनंतर उचल एकदम कोसळते. हेलिकॉप्टर त्या बाजूला कलंडतं, नाक वर करतं.

ही भिंत किती खरी आहे बघा. ११ ऑगस्ट १९८६ला इंग्लंडमध्ये वेस्टलँड लिंक्सने ताशी ४००.८७ किलोमीटरचा विक्रम केला. त्यासाठी पात्यांची टोकं खास वल्ह्यासारखी रुंद बनवली होती. आणि मालिकेत जे खरोखर उडालं ते बेल २२२, ताशी अडीचशेच्या आसपास आरामात जाणारं, दोन इंजिनांचं प्रवासी हेलिकॉप्टर.

भिंगरी
गोगलगाय, मस्त समजावलंत. पण मग टर्बो ही निव्वळ थाप म्हणायची का?

गोगलगाय
मी थाप म्हणणार नाही. पुढे ढकलण्याचं काम पात्यांकडून काढून वेगळ्या इंजिनाला द्यायचं, ही दिशा बरोबरच होती. युरोकॉप्टरच्या एक्स३ला दोन्ही बाजूंच्या आखूड पंखांवर प्रॉपेलर होते आणि २०१३मध्ये त्याने ताशी ४७२ किलोमीटर गाठले. वरचं चक्र सावकाश फिरवायचं, उचलीचा काही भार पंखांवर टाकायचा, धक्का वेगळा द्यायचा. ध्वनीचा वेग अजून फार लांब आहे, पण १९८४च्या लेखकांनी नेमकी नस पकडली होती.

समुद्रपक्षी
मी बॉम्बे हायला, समुद्रातल्या तेलक्षेत्रावर, बरीच वर्षं ये-जा केली. जुहूहून पवनहंसचं डॉफिन हेलिकॉप्टर. उड्डाणानंतर चाकं पोटात ओढली जाण्याचा तो हलका धक्का बसला की मला दर वेळी एअरवुल्फ आठवायचं. बेल २२२ची चाकंही अशीच आत जातात, बाजूच्या आखूड पंखांसारख्या फुगवट्यांत. मालिकेत त्याच फुगवट्यांतून तोफा बाहेर येतात. कंपनीने चाकं ठेवायला दिलेल्या जागेतून मालिकेवाल्यांनी शस्त्रागार काढलं, ही कल्पकता मला फार आवडते. नेहमीचं हेलिकॉप्टर असूनही ते शिकारी दिसतं ते ह्यामुळेच.

एक गोष्ट मात्र मालिका कधीच दाखवत नाही: आत बसलेल्याची भीती. समुद्रावर जाण्याआधी आम्हाला पाण्यात सुटकेचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. हेलिकॉप्टरच्या आकाराचा सांगाडा तलावात सोडतात आणि पाण्याखाली उलटा करतात. एक हात खिडकीच्या कडेवर घट्ट ठेवायचा, सांगाडा फिरायचा थांबेपर्यंत हलायचं नाही, मग खिडकी ढकलायची, आणि पट्टा सगळ्यात शेवटी सोडायचा. आधी सोडला तर वर कुठे, खाली कुठे तेच कळत नाही. नाकात पाणी, डोळ्यांपुढे अंधार. ते करून आल्यावर हॉकचा शांत चेहरा मला जास्त पटला. त्या गप्पपणात शिस्त आहे.

खटपट्या
हा प्रतिसाद वाचून हॉकला पाच मार्क वाढवून दिले. चेलोचे मात्र देणार नाही.

जुनी_पेटी
चेलोवरून संगीताकडे येते, चिंगीने सुरुवात केलीच आहे. संगीतकार सिल्व्हेस्टर लेव्हाय. मूळचा तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या सुबोटिकाचा, हंगेरियन घरातला. म्युनिकमध्ये डिस्कोच्या काळात नाव कमावलं; ‘फ्लाय, रॉबिन, फ्लाय’ त्याचंच. पुढे १९९२मध्ये व्हिएन्नात ‘एलिझाबेथ’ हे संगीतनाटक आलं, त्याचं संगीतही त्याचं.

हे सगळं त्या धुनेत ऐकू येतं. खाली सिंथेसायझरचा एकसुरी ठेका, न थकणारा, जवळजवळ यंत्रच. वर मात्र सूर लांब, ओढलेले, एकट्या माणसाचे. रानवारा जे हट्ट आणि सौदा म्हणतायत ते मला ह्या दोन थरांत आधी सापडलं, कथेत नंतर. हेडफोन लावून फक्त खालचा ठेका ऐका, मग फक्त वरचे सूर.

चिंगी_८२
जुनी_पेटी, आत्ता ऐकलं. आता ते दोन थर वेगळे केल्याशिवाय ऐकताच येईना!

पैलतीर
अमेरिकेतून लिहितोय. इथल्या लोकांशी बोलल्यावर एक संदर्भ कळला, तो भारतात वाढलेल्यांना सहसा माहीत नसतो. १९७३मध्ये व्हिएतनामने ५९१ अमेरिकन युद्धकैदी परत केले. पण सुमारे अडीच हजार सैनिकांचा पत्ता लागलेला नव्हता. त्यांच्या घरच्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. लोक बेपत्ता सैनिकाचं नाव कोरलेलं कडं मनगटात घालायचे. त्यांच्या आठवणीचे काळे झेंडे आजही सरकारी इमारतींवर दिसतात. १९८४मध्ये सेंट जॉन हॉकचं नाव पडद्यावर आलं तेव्हा अनेक घरांत ती खरी जखम होती. सरकार आपल्यापासून काहीतरी लपवतंय, हा संशयही खराच होता. म्हणून हेलिकॉप्टर अडवून ठेवणारा नायक लोकांना चोर वाटला नाही.

मालिकेचा कर्ता डोनाल्ड बेलिसारिओ स्वतः अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलात होता. आधीच्या ‘मॅग्नम’ मालिकेतही त्याने व्हिएतनामहून परतलेली माणसंच मध्यभागी ठेवली होती.

अवांतर: पहिला भाग सीबीएस वाहिनीवर २२ जानेवारी १९८४ला सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर लागला. ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकाची ती प्रसिद्ध हातोड्याची जाहिरात दाखवली गेली तोच हा सामना.

कोरडी_विहीर
कौतुक खूप झालं, आता न टिकलेलं सांगते. बायका.

पहिल्या भागातली गॅब्रिएल बघा. हुशार गुप्तहेर, एकटी शत्रूच्या घरात शिरते. आणि तिचं कथेतलं काम काय? वाळवंटात मरायचं, म्हणजे हॉकला मॉफेटवर क्षेपणास्त्रं सोडायला कारण मिळेल. मरेला आर्केंजलची सहायक, बघावं तेव्हा कुठल्या तरी विषयात तज्ज्ञ, पण तिच्या वाट्याला फाइल धरून उभं राहणं. दुसऱ्या सीझनला केटलिन येते, टेक्सास हायवे पेट्रोलची वैमानिक. जीन ब्रूस स्कॉटने ती फार जीव लावून केली आहे. पण लेखक तिच्या हाती एअरवुल्फ सोपवायला सारखे कचरतात. माझ्या मुलीने सरळ विचारलं, ‘तिला उडवता येतं ना, मग ती मागे का बसते?’ माझ्याकडे ह्याचं चांगलं उत्तर नाही.

आणि लिबिया, रशिया, कुठलंतरी दक्षिण अमेरिकेतलं राज्य, सगळीकडचे लोक एकाच साच्याचे. ते आज बघताना खुपतं.

पैलतीर
कोरडी_विहीर, साच्याबद्दल मान्य. गॅब्रिएलबद्दल थोडं वेगळं वाटतं. तिच्या मरणानंतर हॉक जिंकल्यासारखा वागत नाही. तो मॉफेटवर एकामागून एक क्षेपणास्त्रं सोडतो आणि ते बघताना मला आनंद झाला नाही, भीती वाटली. दिग्दर्शकाला तेच हवं होतं असं मला वाटतं.

कोरडी_विहीर
भीती वाटते हे खरंच. पण ती हॉकची भीती आहे. गॅब्रिएलला काय हवं होतं हे भाग संपला तरी मला कळत नाही. माझी तक्रार तिथेच आहे.

रानवारा
पटतंय. पहिल्या सीझनचा अंधार मला आवडतो, पण त्या अंधाराची किंमत कोणी मोजली हा प्रश्न रास्त आहे. हेही नोंदवायला हवं की केटलिन आली ती मालिका हलकी करा, घरातल्या सगळ्यांना बघता येईल अशी करा, ह्या वाहिनीच्या आग्रहाच्या काळात. म्हणजे ती आली तेव्हा मूळ गोष्टच पातळ होत होती. दोन सीझननंतर बेलिसारिओ निघून गेला.

टेकडीवरचा
आणि चौथा सीझन? त्याबद्दल कोणी बोलेना म्हणून मीच बोलतो.

१९८७, वाहिनी बदलली, यूएसए नेटवर्क. चित्रीकरण कॅनडात, पैसा अगदी कमी, चोवीस भाग. सॅन्टिनी पहिल्याच भागात स्फोटात जातो, हॉक जखमी होऊन मालिकेतून बाहेर. भाऊ सेंट जॉन सापडतो आणि तोच नवा नायक! तीन सीझन ज्याची वाट बघितली तो सापडला, आणि दोघांना एकत्र बसून चार वाक्यं बोलायलाही मिळत नाहीत. हेलिकॉप्टरही नव्हतं, उडण्याची सगळी दृश्यं जुन्या सीझनमधली. तेच वळण, तोच डोंगर, तीच सावली परत परत. मला हे बघताना खरंच वाईट वाटलं. रानवारा म्हणतात तो सौदा असा उरकायला नको होता.

भिंगरी
मग खरं हेलिकॉप्टर गेलं कुठे?

समुद्रपक्षी
मालिका संपल्यावर ते विकलं गेलं. वरची शस्त्रं, खोटे टर्बो वगैरे काढून टाकलं आणि जर्मनीत रुग्णवाहिका म्हणून उडू लागलं. ६ जून १९९२ला वादळी हवेत डोंगराळ भागात कोसळलं. आतले तिघेही गेले. हवाई रुग्णसेवेतली माणसं कसल्या हवेत निघतात हे आम्ही जवळून पाहिलंय. त्यामुळे ह्या बातमीत मला आधी ती तीन माणसं दिसतात, प्रसिद्ध हेलिकॉप्टर नंतर.

गोगलगाय
आणखी एक नाव घ्यायला हवं. रीड रॉन्डेल, स्टंट करणारा. १८ जानेवारी १९८५ला ह्याच मालिकेच्या चित्रीकरणात दुसरं एक हेलिकॉप्टर कोसळलं, त्यात तो गेला. वय २२. आज संगणकावर जे करतात ते तेव्हा माणसं प्रत्यक्ष उडून करत होती. मॉन्युमेंट व्हॅलीतल्या सुळक्यांमधून ते हेलिकॉप्टर जातं तेव्हा खाली खरी सावली पडते, खरी धूळ उठते. त्या दृश्यांचं वजन मला अजून जाणवतं, आणि ते कोणाच्या तरी जोखमीवर उभं होतं.

जुनी_पेटी
हॉकचं काम करणारा जॅन-मायकल व्हिन्सेंटही २०१९मध्ये गेला. दारूने त्याचं आयुष्य पोखरलं हे त्याने लपवलं नव्हतं. तिसऱ्या सीझनपर्यंत चेहऱ्यावर थकवा दिसू लागतो. पहिल्या सीझनमध्ये कॅमेरा त्याच्या डोळ्यांवर थांबतो आणि संवादाची गरजच उरत नाही. त्याला त्यासाठी लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

नाशिकचा_वारा
उशिरा आलो. आम्ही नाशिकरोडला गांधीनगरजवळ राहायचो, लष्कराच्या वैमानिकांची शाळा तिथलीच. चेतक आणि चीता हेलिकॉप्टरं दिवसभर डोक्यावर. त्यामुळे आमच्यासाठी खरं एअरवुल्फ म्हणजे चीता, इवलंसं, काचेच्या गोळ्याचं.

गोगलगाय यांनी वेगाची भिंत सांगितली, मी उंचीचं सांगतो. चीता म्हणजे लामा हे फ्रेंच हेलिकॉप्टर, हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) परवान्यावर बनवलेलं. २१ जून १९७२ला वैमानिक ज्याँ बुलेने लामा १२,४४२ मीटरवर नेलं. एव्हरेस्टपेक्षा साडेतीन किलोमीटर वर! तिथे इंजिन बंद पडलं ते पुन्हा सुरूच झालं नाही. मग खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरत ठेवून तो सबंध उंची उतरला आणि सुखरूप जमिनीवर टेकला. ह्याच जातीचं यंत्र आपले वैमानिक सियाचीनला घेऊन जातात. मालिकेतल्या कुठल्याही प्रसंगापेक्षा मला हा प्रसंग भारी वाटतो.

चिंगी_८२
इंजिन बंद पडल्यावर बारा किलोमीटर?! अंगावर काटा आला.

खटपट्या
आणि आमच्याकडे गेल्या वर्षी लग्नात नवरदेव हेलिकॉप्टरने आला. धुळीने मांडव आडवा, अक्षता थेट शेजारच्या गावात. वऱ्हाडातल्या एका आजोबांनी विचारलं, ‘पायलटला जेवायला थांबवलंय ना?’ थांबवलं होतं, पंगतीत पहिल्या पानावर बसवलं.

भिंगरी
हाहाहा, आजोबांना नमस्कार सांगा. पण धाग्याचा मूळ प्रश्न राहिला ना! मुलांना कुठून दाखवायची?

कोरडी_विहीर
मी दाखवली आहे म्हणून सांगते. दोन तासांचा पहिला भाग बारा वर्षांच्या मुलांसाठी जड आहे, हिंसा आहे, सोबत बसून बघा. माझ्या मुलीला सगळ्यात आवडला तो पहिल्या सीझनमधला ‘एकोज फ्रॉम द पास्ट’. हॉक इस्पितळात शुद्धीवर येतो, त्याला सांगतात की तू वर्षभर कोमात होतास. हेलिकॉप्टर कुठे लपवलंय ते काढून घेण्याचा डाव असतो. मारामारी कमी, डोकं जास्त. ती अर्ध्यातच ओरडली, ‘खोटं बोलतायत सगळे!’

गोगलगाय
दुसऱ्या सीझनमधला ‘मॉफेट्स घोस्ट’ही. मेलेल्या मॉफेटने संगणकात पेरून ठेवलेला प्रोग्राम जागा होतो आणि एअरवुल्फ आपल्याच माणसांवर उलटतं. आजच्या मुलांना हे जास्त जवळचं वाटेल. बघून झाल्यावर पात्यांच्या वेगाचं गणितही करून घ्या त्यांच्याकडून. :)

रानवारा
सगळ्यांचे आभार. ठरवलंय असं: भाचरांना आधी ‘एकोज’, ते पकड घेत असतील तर पहिला भाग सोबत बसून, मग पहिला सीझन ओळीने. गॅब्रिएलचं काय ते कोरडी_विहीर यांच्या मुलीसारखं त्यांनीही विचारावं, मी थांबवणार नाही. चौथा सीझन दाखवणार नाही. भाऊ सापडतो एवढं तोंडी सांगेन.

टेकडीवरचा
तोंडी सांगताना दोघांना सरोवराकाठी बसून थोडं बोलू द्या.

खटपट्या
आणि सॅन्टिनीला जिवंत ठेवा!